कुसुमला काहीच दिसत नाही

शिमगा उरकला आणि मी हिंगोलीकडे जाऊन आले. सांगलीला परतल्यावर आमच्या कॉलनीत जो भेटतो तो विचारतो, "तिकडं काय बघितलंत?" मी म्हणते, हळद. सांगलीच्या माणसाला हे उत्तर देणं म्हणजे कोळ्याला मासा दाखवणं. लोक गप्प होतात आणि पुढचं सांगायचा माझा त्रास वाचतो. पण सांगण्याजोगं आहे ते पुढचंच, म्हणून लिहायला बसले.

मी गेले होते माझ्या मैत्रिणीला, कुसुमला, अडवायला. विशीत असताना आम्ही दोघी सांगलीत एकाच बाईंकडे ध्यानाला बसायला शिकलो. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, फार कमी बोलणाऱ्या. पुढं कुसुम लग्न करून हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेली आणि मी सांगलीतच राहिले. पण पहाटे उठून बसायचं दोघींनीही सोडलं नाही, आणि काय दिसलं ते मी तिला आधी पत्रातून, पुढं फोनवरून कळवायचंही. आता दोघींची सत्तरी उलटली. होळीच्या आधी तिचा फोन आला.

"शालू, मी बसणं बंद करून राहिले. पाडव्यापासून न्हाई बसायची."

पन्नास वर्षांत ती बोलायला पुरती तिकडची झालेली आहे.

"का गं?" मी विचारलं.

"तुला काय काय दिसतं. मला आजपावतर काहीच दिसलं न्हाई. नव्या वर्षात हे खोटं सोंग नको."

मला काय काय दिसलं ते आता सांगायला हवं, नाहीतर तिचं दुःख कळणार नाही. लग्नाच्या थोडं आधी एका पहाटे मला निळा प्रकाश दिसला. मग काही दिवसांनी चंदनाचा वास आला. मग जिभेवर गोडवा, मग पाठीच्या कण्यातून मुंग्या. ती तेव्हाची बया, म्हणजे मीच, आज भेटली तर तिला मी आधी पोटभर जेवायला घालीन. उपाशीपोटी बसायची तिला भारी हौस होती आणि निम्मा प्रकाश भुकेचा असावा असा माझा पक्का संशय आहे. तिनं पांढऱ्या साड्या नेसायला सुरुवात केली. ती हळू बोलू लागली. जेवताना मीठ मागायची तेसुद्धा डोळे अर्धे मिटून. सासूबाईंना वाटलं, नव्या सुनेचे डोळे आलेत. त्यांनी गुलाबपाण्याची बाटली आणून ठेवली.

बाई सगळं ऐकून घेत आणि विचारत, "बरं. आणि आज प्रकाश दिसला नसता, तर तू कुणावर चिडली असतीस?" मला हा प्रश्न फार कोरडा वाटे. बाईंना स्वतःला काही दिसत नसावं, असं मी मनात म्हणे. कुसुम मात्र माझं प्रत्येक वर्णन तोंड उघडं टाकून ऐकायची. बाईंपेक्षा मला कुसुम जास्त आवडायची, यात नवल नाही.

तर माझ्यासारख्या ह्या अनुभवी बाईनं ठरवलं, की आपण जाऊन बिचारीला धीर द्यावा.

कनेरगाव नाका

हिंगोलीला रेल्वेतून उतरून मी वाशिमकडे जाणारी एसटी धरली. कुसुमचं गाव त्या रस्त्यावरच्या एका फाट्यावरून आत आहे. कंडक्टरला सांगून ठेवलं होतं. खिडकीबाहेर काळी रानं, तूर निघून गेलेली धसकटं आणि मध्येच पेटल्यासारखा एखादा पळस. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाकडं चालल्या? मी म्हटलं, मैत्रिणीकडं, साधनेसाठी. त्या बाईनं पदर सावरून मला हात जोडले. आता हात जोडल्यावर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मी ताठ बसले आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा बस कनेरगाव नाक्यावर उभी होती आणि माझा फाटा केव्हाच मागं गेला होता.

"आजी, दोनदा हाक मारली म्या," कंडक्टर म्हणाला. "तुमची समाधी लागलेली. म्हटलं, पाप नको."

नाक्यावर धाब्यांची रांग आहे. एका धाब्यावर चहा घेत कुसुमला फोन केला. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "तिथंच थांब. आमच्या गावचे बाबूभाई ट्रॅक्टर घेऊन नाक्यालाच आलेले हायेत, त्यांला सांगते."

बाबूभाई साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांचं घराणं कैक पिढ्या त्या गावात आहे. हळदीच्या दिवसांत ते ट्रॅक्टर घेऊन या शेतातून त्या शेतात फिरतात. ट्रॅक्टरच्या मागं पत्र्याचं आणि जाळीचं एक भलंमोठं पिंप आडवं बसवलेलं होतं. मला त्यांनी चाकाशेजारच्या पत्र्यावर घोंगडं टाकून बसवलं.

"बराबर बसा, मावशी. दांडीला धरा. रस्ता खराब हाये, थोडी तकलीफ होईल."

"मागं काय आहे हे?"

"हळदीला पॉलिश करायचा ड्रम." मग त्यांनी वळून माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी सांगलीच्या ना?"

सांगलीच्या बाईला हळदीचा ड्रम माहीत नसावा, हे त्यांना पटत नव्हतं. पण आमच्याकडं शहरात हळद दिसते ती पोत्यांत आणि सौद्यांत. ती मातीतून निघते, शिजते, वाळते, घासली जाते, हे सगळं मी ऐकूनच होते. रस्त्यानं आदळत, दांडीला लटकत मी गावात शिरले तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी बोलणं थांबवलं. साधनेसाठी आलेली बाई त्यांनी अशी पहिल्यांदाच पाहिली असावी.

पिवळं घर

कुसुमच्या घरापुढचं सगळं अंगण हळदीनं भरलेलं होतं. शिजवून वाळत घातलेली हळकुंडं, मध्ये चालायला पायवाटेएवढी जागा. उंबरा पिवळा, मांजराचे पाय पिवळे, भाकरीच्या कडेला बोटांचे पिवळे ठसे. सून सविता पाणी घेऊन आली, तिची नखंही पिवळी. मी कौतुकानं म्हटलं, "आमच्या सांगलीसारखंच की."

"तुमच्या सांगलीच्या बाजारात आमचीच हळद येती ना, मावशी," सविता म्हणाली आणि तांब्या पुढं केला. मी पाणी पिऊन घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ. आमच्याकडं ही वस्तू नाही. भाजी नसेल त्या दिवशी उकळत्या पाण्यात येसर सोडतात आणि वर फोडणी देतात. मी आमटी वाट्या भरभरून प्यायले आणि मग दुपारभर पाणी. कुसुमचा मुलगा दिगंबर शेतावर असायचा, रात्री जेवायलाच दिसायचा. तो भाकरी मोडताना आईकडं बघून हसायचा आणि आई सुनेकडं बघून. या तिघांत काहीतरी मोकळं होतं, एवढं पहिल्याच दिवशी जाणवलं. कशामुळं, ते तेव्हा कळलं नाही. मी शिकवायला आले होते, त्यामुळं बघायला सवड नव्हती.

कुसुमबरोबर पहाटे शेजारच्या चार-पाच बायका ओसरीवर बसतात. सांगलीहून अनुभव असलेली बाई आली हे कळल्यावर त्या संध्याकाळीच येऊन गेल्या. मी त्यांना आतल्या आवाजाबद्दल सांगितलं. तो अखंड असतो, म्हटलं, त्याला सुरुवात नाही की शेवट नाही, तो ऐकू आला की डोळ्यांतून पाणी येतं. खरं सांगायचं तर तेवढा एक अनुभव मला स्वतःला आला नव्हता. बाकी सगळं झालं होतं, नाद राहिला होता.

दुसऱ्या पहाटे आम्ही बसलो. गारवा होता, हळदीचा मातकट वास होता. आणि थोड्या वेळानं तो आला. आधी अगदी बारीक. मग घुमणारा, खोल, कुठंही न तुटणारा, पोटातूनच निघाल्यासारखा. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, एवढ्या वर्षांचं सार्थक या खेड्यात व्हायचं होतं.

सगळ्यांनी डोळे उघडल्यावर मी हळूच विचारलं, "ऐकलात?"

"व्हय," एक बाई म्हणाली. "ऐकला की."

"मीबी ऐकला," दुसरी म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या नुसत्या येण्यानं यांनाही. मी तो आवाज कसा ओळखायचा ते सांगायला लागणार, इतक्यात तिसरी म्हणाली, "आज लवकरच सुरू केला बाबूभाईनं. ऊन व्हायच्या आत उरकायचं असल."

"मावशी, पल्याडच्या रानात ड्रम चालू हाये," दारात आलेली सविता खालच्या आवाजात म्हणाली. आणि तेवढ्यात माझा अखंड नाद दोनदा खोकून बंद पडला.

बायका पदर तोंडात धरून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. मीही हसले, पण माझं हसू जरा उशिरा आलं. नंतर बाबूभाई पाण्याला आले तेव्हा त्यांना बातमी आधीच पोचलेली. अदबीनं म्हणाले, "मावशी, उद्या ड्रम कयाधू नदीच्या पल्याड नेऊन राहिलो. तुमच्यासाठी दोन दिस थांबवू का?"

एकटी कुसुम हसली नव्हती.

दुपार

दुपारी आम्ही दोघी सावलीत हळद निवडत बसलो. गोल गड्डे एकीकडं, लांब हळकुंडं दुसरीकडं. कुसुम खाली बघत म्हणाली, "शालू, सकाळी मला लई बरं वाटलं."

"ध्यान चांगलं लागलं?"

"न्हाई. तुझा नाद ड्रम निघाला म्हणून बरं वाटलं. मला तो ड्रम सुरुवातीपासून ऐकू येऊन राहिला होता. तुझं रडणं बी दिसलं, मी डोळा किलकिला करून बघितलं. म्हटलं, पडू दे हिला तोंडावर. इतकी वर्षं तुझा हेवा केला मी. मग त्या खुशीची लाज वाटली. मग लाज वाटली त्याचंही बरं वाटलं, की मी किती चांगली, मला लाज तरी वाटती." तिनं एक हळकुंड बाजूला टाकलं. "हे असंच चालतं माझं. तुला प्रकाश दिसतो. मी डोळे मिटले की मला माझी लबाडी दिसती. एकीच्या आत दुसरी. पन्नास वर्षं हेच बघून राहिले. त्यापरीस झोपलेलं काय वाईट?"

हे ती माझ्या तोंडावर सांगत होती. आवाज चढलेला नाही, रडवा नाही. हवा कशी आहे सांगावी तसं. मी काय केलं? मी गुरूबाई झाले. म्हटलं, "अगं, हे मनाचे विकार. त्यांच्याकडं लक्ष द्यायचं नसतं."

"मग कशाकडं द्यायचं?"

मी एक गड्डा हळकुंडांत टाकला आणि तिनं तो उचलून बाजूला ठेवला.

संध्याकाळी चुलीपाशी सविता एकटी होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "मावशी, तुमी आईंना सांगा ना, बसणं सोडू नका म्हणून. तुमचं ऐकतात त्या."

"तुला काय गं त्याचं? तू तर बसत नाहीस."

"म्हणून तर." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मी नवी होते तव्हा रोज माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या. जाड हाये, कच्ची हाये, करपली. मी रडायची. एक दिवस पहाटे बसून उठल्या, थेट इथं आल्या आणि म्हणल्या, सविता, तुझी भाकरी चांगली असती. दिगंबर तुझ्या हातची जास्त खाऊन राहिला, ते मला बघवत न्हाई. माझं दुखणं हाये, तुझी भाकरी न्हाई. एवढं बोलून गेल्या बी. मी माहेरी सांगितलं तर माझी माय म्हणे, अशी सासू असती का कुठं?"

"मग नावं ठेवायच्या थांबल्या?"

"कुठलं. परवाबी ठेवली." ती हसली. "पर मला कळतं ना आता. चिडतात, बोलतात, पहाटे बसतात आणि येऊन सांगतात, सविता, काल ते मिठाचं नव्हतं, तुझ्या भावाचं कौतुक ऐकून पोटात दुखलं. उद्या बसल्याच न्हाई तर मला कोण सांगल? मी आपली बसायची विचार करत, माझं काय चुकलं."

सांगलीत माझी सून फार चांगली आहे. मी ध्यानातून उठेपर्यंत ती टीव्ही लावत नाही, लोकांना माझ्याबद्दल आदरानं सांगते. पण इतक्या वर्षांत पहाटे बसून उठल्यावर मी तिला काय सांगितलं? चंदनाचा वास आला. ती म्हणाली, हो का आई, आणि डबा भरायला गेली. आमच्यात कधी भांडण झालं नाही. आमच्यात, आता आठवून बघते तर, फारसं काहीच झालं नाही.

ओसरीवर

पाडव्याच्या आदल्या दिवशीची पहाट. ड्रम कयाधूपलीकडं गेला होता, सगळं शांत होतं. प्रकाश आला असता तर मी त्या दिवशी त्याला थोडं थांब म्हटलं असतं. बाई विचारायच्या तसं मी स्वतःला विचारलं, उद्या कुसुम बसायची थांबली, तर शालिनीबाई, तुम्ही कुणावर चिडाल?

उत्तर यायला वेळ लागला नाही. ते इतकी वर्षं दाराशीच बसलेलं असावं. मी कुसुमवर चिडणार होते. ती थांबली तर माझ्या निळ्या प्रकाशाला विचारणारं या जगात कुणी उरणार नव्हतं. मी तिची साधना वाचवायला आलेच नव्हते. मी माझी एकुलती एक श्रोती वाचवायला आले होते.

पाठीतून मुंग्या वगैरे काही आल्या नाहीत. फक्त कान गरम झाले. पण एक सांगते, असं काही दिसल्यावर माणूस जरा हलकं होतं. प्रकाशानंतर मी कधी हलकी झाले नव्हते. उलट जड व्हायचे, हळदी-कुंकवाला चांदीचं ताट घेऊन निघालेल्या बाईसारखी, कुणाचा धक्का लागू नये म्हणून जपत.

बायका गेल्यावर मी आत गेले. कुसुम चहा गाळत होती. उभ्याउभ्याच तिला सांगून टाकलं, जसं दिसलं तसं.

तिनं गाळणी खाली ठेवली. "एवढ्यासाठी आलीस तू?"

"हो."

"सांगलीहून?"

"हो."

"ट्रॅक्टरवर बसून?"

"हो गं बाई."

मग ती हसायला लागली. चहाचं भांडं बाजूला सरकवून, भिंतीला टेकून, डोळे पुसत हसली. पन्नास वर्षांत माझ्या कुठल्याही अनुभवानं तिला इतका आनंद झाला नसेल. हसून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे तुलाबी घाणच दिसली."

"दिसली."

"कशी वाटली?"

"माझीच होती. ओळखीची वाटली."

मग मी तिला सवितानं चुलीपाशी सांगितलेलं सगळं सांगितलं. कुसुमचं हसू विरलं. तिनं सुनेला हाक मारली. "काहून गं, मला का न्हाई बोललीस हे?"

"तुमी बसून उठल्यावर बोलता," सविता म्हणाली. "मी तर बसत न्हाई. मी कशी बोलू?"

कुसुमनं गाळणी उचलली आणि परत खाली ठेवली. "मला वाटायचं, तुला ऐकवून मी फक्त माझं ओझं उतरवते," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "शालू, बाई जे विचारायच्या, ते हेच होतं का गं? हे बघायलाच बसायचं होतं?"

"मला काय विचारतेस? मी डोळे मिटून फाटा चुकवणारी बाई."

"खरं सांग."

"मला वाटतं, हेच होतं," मी म्हटलं. "आणि तू पहिल्या दिवसापासून तेच करत होतीस. मी मध्ये मध्ये बोलत होते म्हणून तुला कळलं नाही."

ती म्हणाली, "बघू. उद्या पाडवा हाये." आणि गार झालेला चहा पुन्हा चुलीवर ठेवला.

पाडवा

सकाळी मी अंधारातच उठून ओसरीवर येऊन बसले. सण म्हणून बाकीच्या बायका येणार नव्हत्या. कुसुमची जागा रिकामी होती. आत सविता गुढीची तयारी करत होती, तांब्याचा आवाज येत होता. कुसुमच्या खोलीत मात्र काही हालचाल नव्हती. पूर्वेकडं रान दिसायला लागलं, अंगणातली हळद आधी काळी, मग तपकिरी, मग पिवळी झाली, तरी ती आली नाही. सविता दारात आली, रिकाम्या जागेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. मी मनात म्हटलं, ठरवल्याप्रमाणं केलं हिनं. दुखलं. पण तिला हाक मारायला मी उठले नाही. ते तिचं तिला ठरवू द्यावं एवढं शहाणपण सांगलीहून निघताना माझ्याकडं नव्हतं.

मग दार वाजलं. कुसुम आली, गुडघ्यावर हात टेकत शेजारी बसली.

"जागीच होते मी कव्हाची," ती म्हणाली. "पडून राहिले. म्हटलं, बघू ही किती वाट बघती. सांगलीची मोठी बाई, बसू दे जरा ताटकळत."

"बसले की."

"व्हय. आणि मग मला माझंच दिसलं, की मी तुला ताटकळत ठेवून राहिले आणि मजा येऊन राहिली." तिनं पदर सारखा केला. "आता अंथरुणात पडूनही हे दिसायचं थांबत नसल, तर निदान बसून बघावं. पाठ तरी धरत न्हाई."

तिनं डोळे मिटले. मीही मिटले, पण जुनी सवय, थोड्या वेळानं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर तेज वगैरे काही नव्हतं. कपाळाला बारीक आठी होती आणि ओठ किंचित पुढं आलेले होते, अंधुक उजेडात सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचे असतात तसे.